'मृदू लोखंड' मृदू कशामुळे?

प्रश्न असा आहे: विद्युतचुंबकाच्या, म्हणजे लोखंडाभोवती गुंडाळलेल्या तारेतून वीज सोडून केलेल्या चुंबकाच्या, धड्यात 'मृदू लोखंडाचा गाभा' असा शब्दप्रयोग येतो. लोखंड कधी मृदू असतं का? नुसतं 'लोखंड' म्हटलं तर काय बिघडतं?

बिघडतं, कारण त्या प्रयोगाचं सगळं मर्म या विशेषणातच आहे. इथे मृदू म्हणजे आलेलं चुंबकत्व धरून न ठेवणारं. पोलाद ते धरून ठेवतं, म्हणून होकायंत्राची सुई पोलादाची करत.

विल्यम स्टर्जन इंग्लंडमध्ये अ‍ॅडिसकोम इथे, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकवत असे. हिंदुस्थानात पाठवायचे लष्करी अधिकारी तिथे तयार होत. त्याला वर्गात सर्वांना दिसेल आणि छोट्या बॅटरीवर चालेल असं साधन हवं होतं. १८२५ साली त्याने जो विद्युतचुंबक मांडला, तो म्हणजे नालेसारखी वाकवलेली लोखंडी कांब. तांब्याची तार उघडीच, म्हणजे वीज अडवणाऱ्या आवरणाविना होती, म्हणून त्याने कांबेलाच व्हार्निश दिलं आणि वर १८ वेढे एकमेकांना न टेकता घातले. जेमतेम २०० ग्रॅमची ती कांब ९ पौंड, म्हणजे सुमारे ४ किलो, वजन उचलायची. प्रवाह तोडला की वजन खाली! विद्यार्थ्याला वीज आणि चुंबकत्व यांचं नातं पटतं ते या पडण्यामुळे, नुसत्या उचलण्याने नाही. कांब पोलादी असती तर वजन कदाचित चिकटूनच राहिलं असतं.

पुढे अमेरिकेत ऑल्बनीच्या शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळलं. त्यामुळे वेढे दाटीने, थरावर थर घालता आले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी त्याने केलेल्या चुंबकाने २,००० पौंडांहून जास्त वजन पेललं.

आता 'मृदू'च का? लोखंड लालबुंद तापवून सावकाश निवू दिलं की ते वाकायला नरम होतं आणि चुंबकत्वही चटकन सोडतं. दोन्ही गुण एकत्र दिसत, म्हणून एकाच विशेषणात दोन्ही अर्थ आले. पण हे गुण नेहमी जोडीने येतातच असं नाही. ट्रान्सफॉर्मरमधला फेराइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या पदार्थाचा, गाभा हातातून पडला तर चिनीमातीसारखा फुटतो, तरी चुंबकशास्त्रात तो मृदूच.

शिक्षकांना माझं सांगणं एवढंच: बाजारातल्या खिळ्याला प्रवाह बंद केल्यावरही टाचण्या चिकटून राहत असतील, तर तो खिळा तापवून राखेत निवू द्या आणि तोच प्रयोग पुन्हा दाखवा.