बाजार पडलाय, तिकीट ठेव

नागपूर, 2 मार्च 2025

प्रिय बेटा,

शुक्रवारी रात्रीचा तुझा मेसेज वाचला. वर लिहिलंस, ‘काकू, पैसे बुडून राहिले, एसआयपी बंद करू का?’ आणि त्याच दमात खाली, ‘मुंबईच्या रॅप शोचं तिकीट काढून बसलोय, ते विकू की प्रवासखर्चासाठी थोडे युनिट विकू?’ उत्तर आधीच देऊन टाकते, कारण बाकीचं पत्र तू उद्या ऑफिसला जाताना मिहानच्या बसमध्ये पेंगत वाचशील. एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरलेली रक्कम घालणं, चालू ठेव. तिकीट विकू नकोस. आणि शोसाठी युनिट, म्हणजे फंडातले तुझे हिस्से, तर मुळीच विकू नकोस.

आता कारणं.

शुक्रवारी निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, एका दिवसात 420 अंकांनी पडून 22,124 वर बंद झाला. सप्टेंबरच्या 27 तारखेला तो 26,277 ला टेकला होता. म्हणजे शिखरापासून 16 टक्क्यांच्या आसपास खाली. ऑक्टोबरपासून सलग पाच महिने निफ्टी घसरूनच बंद झाला, आणि असं 1996 नंतर पहिल्यांदाच झालंय. त्यामुळे तुला धडकी भरली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तू पहिला पगार हातात घेतलास तेव्हा कोरोनानंतरची चढण चालू होती. बाजार म्हणजे वर जाणारी गोष्ट, एवढंच तुला ठाऊक. कारणंही काही गूढ नाहीत. शेअरचे भाव कंपन्यांच्या कमाईच्या फार पुढे पळाले होते. तिमाही निकाल सुस्त आले, डॉलर वधारला, अमेरिकेच्या आयातशुल्काची धास्ती बसली. परदेशी संस्थांनी विक्रीचा सपाटा लावला, एकट्या ऑक्टोबरमध्ये 90 हजार कोटींच्या वर.

याहून मोठ्या घसरणी मी पाहिल्यात. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या वर होता, ऑक्टोबरात तो आठ हजारांच्या खाली डोकावून आला. मार्च 2020 च्या 23 तारखेला एका दिवसात 3,935 अंक गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा उच्चांक झाला. ही दुसरी गोष्ट सगळे सांगतात, कारण ती गोड आहे. पहिलीचा शेवट कोणी नीट सांगत नाही. 2008 चं शिखर 2010 च्या नोव्हेंबरात शिवलं गेलं खरं, पण बाजार तिथे टिकला नाही, पुन्हा घसरला, आणि त्याच्या वर पाय रोवायला 2013 चं वर्ष संपत आलं. जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरात जिथे होता तिथे परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. चौतीस वर्षं! तेव्हा ‘बाजार नेहमी वर येतोच’ असं तुला कोणी छातीठोकपणे सांगितलं तर तारीख विचार.

मग मी एसआयपी चालू ठेव म्हणते ती कशाच्या जोरावर? तुझ्या वयाच्या, आणि साध्या हिशोबाच्या. समजा महिन्याला दोन हजार जातात. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 50 असताना तुला 40 युनिट मिळाले. तीच 40 वर आली तेव्हा त्याच दोन हजारांत 50 मिळाले. आता चार हजारांत 90 युनिट, म्हणजे सरासरी साडेचव्वेचाळीसच्या आत. तुझं पूर्ण नुकसान भरून यायला एनएव्ही परत 50 व्हावी लागत नाही. बंद करणारा नेमका स्वस्तातला महिना सोडतो. जानेवारीत देशात जितक्या नव्या एसआयपी सुरू झाल्या त्याहून जास्त बंद पडल्या. त्यातल्या काहींची मुदत संपली असेल, पण बाकीचे घाबरून पळालेले. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

एक अट मात्र आहे, आणि ती तुझ्या नोकरीची. आयटीतल्या माणसाची नोकरी आणि त्याचे म्युच्युअल फंड एकाच वाऱ्याने हलतात. अमेरिकेत मागणी आटली की तुझा प्रोजेक्टही आटतो आणि निर्देशांकही. दोन्ही एकाच महिन्यात गेलं तर माणूस पडत्या भावात विकतो, कारण घरभाडं द्यायचं असतं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च एफडीत किंवा लगेच मोडता येणाऱ्या लिक्विड फंडात असला पाहिजे. तो नसेल तर नवा फंड नको. आधी हा साठा. बहिणीच्या लग्नासाठी दोन वर्षांत लागणारे पैसे इक्विटीत असतील तर त्यांच्याबद्दल वेगळं बोलू. ‘लाँग टर्म’ हा शब्द त्यांना लागू होत नाही.

आणि तो टेलिग्राम चॅनल. ‘पडत्या बाजारात पुट घेऊन रोज कमवा’ असं त्यावर चाललंय ना? पुट म्हणजे भाव पडेल यावर लावलेली पैज. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबरात आकडे जाहीर केलेत: तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे असल्याच फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत, उतरलेल्या साध्या लोकांपैकी 93 टक्क्यांचं नुकसान झालं, सगळ्यांचं मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. उरलेल्या सात टक्क्यांत आपण असू असं प्रत्येकालाच वाटतं. चॅनल सोड.

बाजाराचं झालं. आता शोचं, कारण मेसेजमधला खरा जीव तिथे होता हे मला कळलं.

बाजार कोसळलाय आणि मी नाचायला जाऊ का, असा तुझा सूर आहे. अरे, ज्या हिप-हॉपमधून हे रॅप आलं त्याचा जन्मच पडत्या बाजारातला. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स, 1520 सेजविक अव्हेन्यू नावाची इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिने इमारतीतली सामायिक खोली भाड्याने घेतली आणि पार्टीला तिकीट लावलं: मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. नाचणारे नेमके कुठे पेटतात हे त्याने हेरलं होतं. गाणं थांबून नुसते ढोल-ताशे उरतात त्या काही सेकंदांत! मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच, असं करत तो ते काही सेकंद लांबवत नेऊ लागला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक 1,051 वर होता. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात 577. पंचेचाळीस टक्के खलास. मध्येच तेलसंकट आलं, आणि 1975 मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात उभं राहिलं. ब्रॉन्क्समधल्या पोरांकडे शेअर नव्हते हे खरं, पण शहराची कडकी सगळ्यात आधी त्यांच्यावरच येऊन पडली. पार्ट्या थांबल्या नाहीत.

मला त्यातली सिंडी जास्त आवडते. सगळे हर्कचं नाव घेतात, पण हिशोब पोरीचा होता. पार्टीचा खर्च पार्टीच्या गल्ल्यातून, आणि वर कपडे.

तेच तुला सांगते. शोचं खातं वेगळं काढ. बचत खातं साधं, त्याचं कार्ड पाकिटात नको, पगाराच्या दिवशी त्यात ठरलेली रक्कम आपोआप जाऊ दे, एसआयपी जाते तशीच. जमलं की शो, नाही जमलं की यूट्यूब. हिशोब पूर्ण धर: तिकीट, त्यावरची कन्व्हिनियन्स फी, दुरांतोचं जाणं-येणं, एक रात्र राहणं, महालक्ष्मीच्या मैदानावरचं महागडं पाणी. चार हजारांच्या तिकिटाचे दहा हजार होतात. ते दहा क्रेडिट कार्डावर फिरवशील तर वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज; असला परतावा देणारा फंड अजून मला भेटलेला नाही. आणि युनिट विकशील तर पडत्या भावात विकशील, वर वर्षाच्या आतले असतील तर बहुतेक फंडांत एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर निघाल्याची कपात. यावेळी खात्यात पैसे कमी पडत असतील तर हॉटेल सोड, दादरच्या आत्याकडे झोप. शो सोडू नकोस.

पन्नाशी ओलांडलेली बाई रॅपच्या कार्यक्रमांना जाते याचं आमच्या इतवारीतल्या पेढीवर भारी हसू होतं. होऊ दे. ज्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं राहून ‘घेऊन जा गे मारबत’ अशी हाळी दिली आहे, मिरवणुकीतल्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, महागाई आणि पुढाऱ्यांची टर उडवलेली पाहिली आहे, त्यांना रॅपमध्ये परकं काय वाटायचं? आपल्याकडे खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात कलगी-तुऱ्याचे सामने रात्रभर चालायचे, सवालाला जवाब, हरला तो गप्प. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर 2023 मध्ये एमटीव्ही हसल या रॅपच्या टीव्ही स्पर्धेच्या मंचावर पोचला तेव्हा मला नवल वाटलं नाही. उशीर झाला एवढंच वाटलं.

शोमध्ये कुठे उभं राहायचं ते सांगते. नवखे सगळे स्टेजच्या पुढ्यात घुसतात. तिथे फक्त बेस पोटात बसतो, शब्द कळत नाहीत. मैदानाच्या मधोमध साउंडवाल्याचं टेबल असतं, त्याच्या जरा पुढे उभा राहा. तो माणूस जे ऐकतो त्यावरूनच आवाज लावतो, त्यामुळे शब्द तिथे सर्वात स्वच्छ येतात. मग रॅपरच्या श्वासाकडे लक्ष दे. स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड झालेली जलद ओळ स्टेजवर एका दमात म्हणायची असते, तीही उड्या मारत. चांगला गडी ओळीचा शेवटचा शब्द सोडून देतो, शेजारी साथीला उभा असलेला हाइप मॅन तो उचलतो, आणि त्या अर्ध्या क्षणात हा श्वास भरून घेतो. एकदा हे दिसलं की दिसतच राहतं. मागे रेकॉर्ड केलेला आवाज लावून नुसते ओठ हलवणारेही मग लगेच ओळखू येतात. असे पुष्कळ आहेत, मोठ्या नावांतही. आणि एखाद्या कडव्याला डीजे बीट एकदम तोडतो, मैदान सुन्न होण्याऐवजी हजारो लोक ती ओळ पूर्ण करतात. रॅपर माइक खाली धरून नुसता बघतो. यासाठी मी दुरांतोच्या वरच्या बर्थवर अंग आखडून जाते.

कानात बोळे घाल. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात. 85 डेसिबल आठ तास चालतं, 100 ला पंधरा मिनिटांतच कानाची दिवसभराची मर्यादा संपते, आणि शो दोन-तीन तासांचा. मॉशपिटमध्ये, म्हणजे एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, गेलास तर बूट घट्ट बांध, चष्मा बॅगेत, आणि कोणी पडलं तर नाचणं सोडून आधी त्याला उचल.

फोन खिशात. एक गाणं शूट केलंस तर चालेल. पोर्टफोलिओचं ॲप मात्र निघायच्या आधी फोनवरून काढूनच टाक. तू गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा सावजी रस्सा समोर निवत होता आणि तुझा अंगठा लाल आकड्यांवरून फिरत होता. बाजार साडेतीनला बंद होतो, शो रात्री असतो. मधल्या वेळात बघण्यासारखं तिथे काहीच नसतं.

शनिवारी ये, पण ऊन उतरल्यावर, सहानंतर. सगळ्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट आण. मला आठवतं त्याप्रमाणे तुझे तीन स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे, फंड आहेत आणि तिघांतही बरेचसे तेच शेअर आहेत. एक ठेवू, दोनांतली पुढची एसआयपी निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडाकडे वळवू. जुन्या युनिटांना तूर्त हात लावायचा नाही. आणि मेसेजमध्ये तू ‘तिकिटं’ असं लिहून खोडलंस ते मला दिसलं. दुसरं कोणासाठी आहे ते आईला सांगायच्या आधी मला सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
काकू