चिनी लिपीला ‘भावलिपी’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: “चिनी लिपीसाठी मराठीत कुठे ‘चित्रलिपी’, कुठे ‘भावलिपी’, तर कुठे ‘कल्पनालिपी’ असे लिहिलेले आढळते. यातला बरोबर शब्द कोणता? शिवाय, चिनी अक्षर थेट कल्पना दाखवते, त्यामुळे ज्याला त्याला ते आपापल्या भाषेत वाचता येते, तेव्हा अशा अक्षरांतून साऱ्या जगाची एकच लिखित भाषा घडवता येईल, असे म्हणतात. ते कितपत खरे?”

तिन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. दुसऱ्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे, पण तिचे श्रेय चुकीच्या मानकऱ्याला दिले गेले आहे.

आधी हिशेब पाहू. शू शेन या चिनी पंडिताने इसवी सन १०० च्या सुमारास एक कोश रचला. त्यात ९,३५३ अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षर कसे बनले याची फोड दिलेली आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्या फोडी मोजल्या. वस्तूचे सरळ चित्र असलेली अक्षरे ३६४. झाडाच्या चित्रात बुंध्याशी आडवी रेघ मारली की ‘मूळ’, शेंड्याशी मारली की ‘टोक’, अशा खुणेची १२५. दोन अर्थ जोडून तिसरा अर्थ साधणारी १,१६७. उरलेली ७,६९७ अक्षरे मात्र अर्धी अर्थाची आणि अर्धी आवाजाची आहेत. म्हणजे शंभरात ब्याऐंशी. ‘चित्रलिपी’ हा शब्द जेमतेम चार टक्क्यांना लागू पडतो, आणि त्या चार टक्क्यांतली चित्रेही आज ओळखू येत नाहीत. ‘सूर्य’ हे अक्षर आता उभा चौकोन आणि मधे एक आडवी रेघ असे आहे. ते सूर्याचे चित्र असल्याचे आधी सांगावे लागते, मग ते दिसते.

‘अर्धे अर्थाचे, अर्धे आवाजाचे’ म्हणजे काय, ते एका कुटुंबावरून पाहा. चिनी भाषेत घोड्याला ‘मा’ म्हणतात (सूर खाली जाऊन वर येणारा; चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो), आणि घोड्याचे अक्षर मुळात घोड्याचेच चित्र होते. आता त्याच्या डावीकडे ‘स्त्री’ची खूण लावा: ‘मा’, उंच सपाट सुरात, अर्थ आई. ‘तोंडा’ची खूण लावा: वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नार्थक ‘मा’, आपल्या ‘का?’सारखा. ‘किड्या’ची खूण लावा: मुंगी या शब्दातला ‘मा’. ‘दगडा’ची लावा: आकडा, सांकेतिक खूण या अर्थाचा ‘मा’. डोक्यावर दोन तोंडे ठेवा: शिव्या देणे, सूर वरून खाली आपटणारा. या पाचांपैकी एकातही घोड्याचा संबंध नाही. आई घोड्यासारखी राबते म्हणून असे लिहितात, अशी गोड व्युत्पत्ती ऐकायला मिळते. ती सोडून द्यावी. घोडा इथे फक्त हिणहिणायला आणला आहे, म्हणजे ‘मा’ असा उच्चार कर एवढेच सांगायला.

सोयीसाठी या दोन भागांना ‘अर्थखूण’ आणि ‘ध्वनिखूण’ म्हणू. अनोळखी अक्षर समोर आले तर ते आधी उभे दुभंगून पाहावे. डावा तुकडा बहुधा अर्थखूण असतो (पाणी, लाकूड, धातू, हात, वाणी), उजवा बहुधा ध्वनिखूण. १७१६ सालच्या खांगशी या चिनी कोशात अशा २१४ खुणा शीर्षके म्हणून घेतल्या आहेत आणि त्यांखाली सत्तेचाळीस हजारांवर अक्षरे लावली आहेत. शीर्षक ओळखायचे, उरलेल्या भागातल्या रेघा मोजायच्या आणि त्या आकड्याखाली शोधायचे, ही कोश पाहण्याची जुनी रीत.

हे गणित चुकते कुठे? मुख्यतः उच्चार बदलल्यामुळे. ‘नदी’चे अक्षर पाण्याची खूण अधिक ‘गोंग’ ही ध्वनिखूण असे आहे, पण आजच्या मँडरिनमध्ये (चीनच्या प्रमाणभाषेत) त्या नदीचा उच्चार ‘जियांग’ होतो. खूण दोन हजार वर्षांपूर्वीच्या उच्चारावर बेतलेली, जीभ पुढे निघून गेली. कँटनीजमध्ये (हाँगकाँगकडच्या चिनी भाषेत) हेच दोन उच्चार अजून जवळजवळ आहेत, ‘गोंग’ आणि ‘गुंग’. मराठीत ‘ष’ लिहितो आणि ‘श’ म्हणतो, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. दुसरे कारण म्हणजे अक्षर सोपे करण्याची सरकारी मोहीम. १९५६ नंतर चीनमध्ये जी सुलभ अक्षरे रूढ झाली त्यांत ‘ऐकणे’ या अक्षरातला कान गेला आणि त्या जागी तोंड आले. कोणाचे काही अडले नाही. वाचणारा खरोखर चित्र पाहून अर्थ लावत असता, तर तोंडाने ऐकणे त्याला खटकले असते.

‘पूर्व दिशा’ या अक्षराचेही असेच. झाडामागून डोकावणारा सूर्य म्हणजे पूर्व, हे उदाहरण चिनी लिपीवरच्या बहुतेक लेखांत असते. खुद्द शू शेनने तसे लिहिले आहे. पण शांग काळातली (तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची) हाडांवर कोरलेली अक्षरे १८९९ नंतर हाती आली. त्यांत हा आकार दोन्ही तोंडे बांधलेल्या बोचक्याचा आहे. बोचक्याचा शब्द आणि पूर्वेचा शब्द कानाला सारखे, म्हणून बोचके उसने घेतले. ‘ये’ या क्रियेचे अक्षर असेच गव्हाच्या रोपावरून आले.

आवाजावर ही लिपी किती चालते, याचा मराठी माणसाला जवळचा पुरावा ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनात आहे. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला आणि इथल्या राजाचे नाव त्याने चार अक्षरांत लिहिले. अर्थाने वाचली तर ती अक्षरे अशी: ठिगळ लावणे, जाळे, तपासणे, घर. कल्पना दाखवणारी लिपी म्हणून हे वाचणाऱ्याने काय समजावे? आजच्या उच्चारात वाचले तर ‘बू-लुओ-जी-श’. त्या काळचा उच्चार याहून खूपच मुळाच्या जवळचा होता. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तो हा. महाराष्ट्राचे नावही त्याने असेच आवाजाने लिहिले आहे, आणि त्याचे पहिले अक्षर ‘चोळणे’ या अर्थाचे आहे.

आता दुसरा प्रश्न. चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम इथले सुशिक्षित लोक एकमेकांची बोली कळत नसताना कागदावर लिहून बोलत, हे खरेच आहे. ‘कुंचल्याने केलेले संभाषण’ असे त्याला नाव आहे. १९०५ मध्ये व्हिएतनामी क्रांतिकारक फान बोई चाउ योकोहामाला जाऊन चिनी विचारवंत लियांग चीचाव यांना भेटले, तेव्हा दोघांनी मुख्यतः असेच लिहून बोलणे केले. युरोपातल्या लोकांच्या कानावर ही पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जेझुइट पाद्र्यांकडून गेली आणि त्यांनी निष्कर्ष काढला की या अक्षरांना भाषाच लागत नाही.

पण ते लोक लिहीत काय होते? अभिजात चिनी भाषा. तिचे व्याकरण, तिचे ग्रंथ, तिची वाक्यरचना सगळे लहानपणापासून घोकलेले. काशीचा पंडित आणि कांचीचा पंडित संस्कृतात वाद घालत, त्याचे श्रेय आपण देवनागरीला देत नाही. देणेही शक्य नाही, कारण एकाची पोथी नागरीत आणि दुसऱ्याची दक्षिणेतल्या ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीत. तिथे भाषा एक, लिप्या अनेक. पूर्व आशियात भाषाही एक आणि लिपीही एक, फक्त मोठ्याने वाचण्याच्या तऱ्हा निराळ्या. म्हणून बघणाऱ्याला सगळी किमया लिपीचीच वाटली.

ती लिपीची नव्हे, हे पडताळण्यासाठी चीनबाहेर जायचीही गरज नाही. ‘त्याचे नाही’ हे चार अक्षरांचे साधे वाक्य घ्या. मँडरिन बोलणारा ‘बू-श-ता-द’ असे लिहील. कँटनीज बोलणारा आपण बोलतो तसेच लिहायला बसला तर ‘म्-हाय-कोय-गे’ लिहील. चारच्या चार अक्षरे वेगळी. फक्त मँडरिन येणाऱ्याला हे वाक्य डोळ्यांसमोर असूनही लागत नाही. हाँगकाँगचा माणूस बीजिंगचे वर्तमानपत्र वाचतो, तो लिखित मँडरिन शाळेत शिकलेला असतो म्हणून.

जपानीत तर फसगत ठरलेली. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरे जोडली की जपानीत ‘तेगामी’, म्हणजे पत्र. चीनमध्ये तीच जोडी शौचालयातला कागद. जपानीत जे अक्षर ‘मुलगी’, ते चिनीत ‘आई’. जपानी न्हाणीघरातले ‘गरम पाणी’ चिनी खानावळीत ‘सूप’ होते. अर्थ जर अक्षरातच असता तर समुद्र ओलांडताना तो सांडला नसता.

चिनी अक्षरे थेट कल्पना दाखवतात असे म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट दाखला आकड्यांचा असतो, आणि तो दाखला खरोखर चांगला आहे. ‘२५’ हे मराठी माणूस ‘पंचवीस’ वाचतो, कन्नड माणूस ‘इप्पत्तैदु’, आणि दोघांना कळते तेच. पण आकड्याला विभक्ती नसते, काळ नसतो, लिंग नसते. वाक्याला हे सगळे लागते. “मामाच्या घरी गेलो” एवढेच चिनी अक्षरांत मांडून पाहा. मामा, घर, जाणे ही तीन अक्षरे मिळतात. ‘च्या’, घर‘ी’ आणि ‘लो’ हातात उरतात. गेलो, गेली की जाणार? तीन अक्षरे गप्प. हीच अडचण जपान्यांपुढे आली, कारण त्यांचीही क्रियापदे शेवटी येतात आणि प्रत्यय घेतात. त्यांनी काही चिनी अक्षरांचा अर्थ टाकून नुसता आवाज ठेवला, ती झिजवून ‘काना’ ही ध्वनिलिपी बनवली आणि प्रत्यय तिच्यात लिहायला सुरुवात केली. मराठीचे तेच झाले असते: अक्षर चिनी, शेपूट देवनागरी. ‘घोडा’ आणि ‘घोड्या-’ यांतला सामान्यरूपाचा फरक कुठे दाखवायचा, हा वाद मग आपण शतकभर घातला असता. जपानीत या ‘घर’ अक्षराची वाचने तरी किती: ‘इए’, ‘उची’, ‘या’, ‘का’, ‘के’. कुठले कधी, ते शब्द पाहून ठरते. म्हणजे आधी शब्द यावा लागतो.

मामाच्या जागी काका घेतला तर आणखी पंचाईत. वडिलांच्या मोठ्या भावाला एक अक्षर, धाकट्याला दुसरे. मराठी ‘काका’ दोन्हींना चालतो, म्हणून लिहिण्याआधी वयाची चौकशी करावी लागेल. ज्याला आपण सार्वत्रिक कल्पना म्हणतो ती अशी कोणत्या तरी एका भाषेने आखून दिलेली असते.

युरोपात या भ्रमातून मोठमोठे उद्योग निघाले. इंग्रज विद्वान जॉन विल्किन्स यांनी १६६८ मध्ये जगातल्या सगळ्या कल्पना चाळीस वर्गांत बसवून त्यांची चिन्हे तयार केली. ती वापरायची तर आधी ते वर्गीकरण पाठ हवे. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझही ‘विचारांची वर्णमाला’ शोधताना चिनी अक्षरांकडे आशेने बघत होते. अमेरिकेतले भाषाभ्यासक पीटर द्यू पाँसो यांनी १८३८ मध्येच दाखवून दिले होते की ही अक्षरे कल्पनांची नसून शब्दांची आणि उच्चारातल्या अवयवांची आहेत, पण भ्रमाचे आयुष्य जास्त. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये आसरा घेतलेल्या चार्ल्स ब्लिस यांनी दुकानांच्या पाट्या पाहून पुन्हा तोच ध्यास घेतला आणि १९४९ मध्ये आपली चिन्हपद्धती छापली. जगाने ती घेतली नाही. १९७१ पासून टोरांटोत, मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) बोलता न येणाऱ्या मुलांसाठी मात्र ती खरोखर उपयोगी पडली. तिथल्या तक्त्यांवर प्रत्येक चिन्हाखाली शब्द छापलेला असतो, हे जाता जाता लक्षात घ्यावे.

राहिला शब्द. एक चिनी अक्षर म्हणजे उच्चाराचे एक अक्षर आणि बहुधा अर्थाचा एक सुटा घटक, भाषाशास्त्रात ज्याला ‘रूपिका’ म्हणतात तो. मराठीत ‘अक्षर’ हा शब्द लिहिलेल्या खुणेलाही लागतो आणि उच्चारातल्या अवयवालाही. हे दुहेरीपण एरवी गोंधळ घालते, इथे ते नेमके कामाला येते. म्हणून साध्या लेखनात सरळ ‘चिनी अक्षरे’ म्हणावे. लिप्यांच्या प्रकारांची चर्चा असेल तर ‘शब्दलिपी’ चालेल. काटेकोरच व्हायचे तर ‘रूपिका-अक्षरलिपी’, पण तो शब्द वर्तमानपत्रात कोणी छापणार नाही. ‘चित्रलिपी’ हाडांवरच्या त्या मोजक्या जुन्या आकारांपुरता ठेवावा, आणि ‘भावलिपी’ विल्किन्स-ब्लिस यांच्या योजनांना द्यावा, तो त्यांना शोभतो. इमोजीला ‘चित्राक्षर’ म्हटले तर ते शब्दशः भाषांतर होईल: जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचे नाते नाही.

आणि “चिनी भाषेत हजारो मुळाक्षरे आहेत” हे वाक्य दिसले की ‘मुळा’ एवढे खोडावे. मुळाक्षरे मोजकी असतात आणि त्यांतून सगळे शब्द जुळवता येतात. चिनीत अक्षरे हजारो आहेत ती याचसाठी, की भाषेतले अर्थाचे घटकच हजारो आहेत.