लंडनजवळचं ‘ओकली कोर्ट’ हे भयपटांतलं घर पाहायचं आहे. आत सोडतात का? जायचं कसं?

सोडतात. पण ते संग्रहालय नाही, १९८१ पासून चालणारं हॉटेल आहे. तिकीटखिडकी नाही, त्यामुळे आत जायचं तर मुक्काम करा किंवा खायला जा. एका दिवसाच्या फेरीसाठी दुपारच्या चहाचं टेबल आधी राखून ठेवणं सगळ्यांत सोयीचं. राखताना त्या दिवशी लग्न आहे का तेही विचारा. असलं तर निम्मं घर आणि हिरवळ वऱ्हाडाच्या ताब्यात असते. मुक्काम करणाऱ्यांची हमखास फसगत होते ती खोलीत. बहुतेक खोल्या नंतर बांधलेल्या इमारतींत आहेत, १८५९ च्या मूळ घरात थोड्याच. ‘मॅन्शन’मधली खोली असं स्पष्ट सांगून घ्या.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने मेडनहेड, तिथून टॅक्सी. ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-रेल्वेचं प्रवासकार्ड) वाटेतल्या वेस्ट ड्रेटन स्थानकाच्या पुढे चालत नाही, म्हणून चढताना कॉन्टॅक्टलेस बँक कार्डच टेकवा. विंडसरचा किल्लाही पाहायचा असेल तर स्लाऊला गाडी बदलून विंडसर गाठा. तिथून घर साधारण ५ किलोमीटर.

विंडसरहून थेम्सकाठाने चालत जायचा बेत अनेकांचा असतो, आणि तो इथेच फसतो. नदीकाठची पायवाट उत्तर काठाने जाते, घर दक्षिण काठावर. समोर पोचता, घर दिसतं, मध्ये नदी, आणि तिथे पूल नाही. पलीकडे जायला आणखी वर समरलीझचा पादचारी पूल गाठून उलट यावं लागतं. तरी माझ्या मते पाहायचं ते या पैलतीरावरूनच, आणि तेही फुकट. टोकदार छपरं, मनोरे, धुराडी एका नजरेत मावतात. दुपारी सूर्य घराच्या मागे असल्याने फोटोत नक्षी हरवते, काळी आकृती उरते. भयपटाच्या शौकिनाची त्याला हरकत नसावी! कोरीवकाम हवं असेल तर आवारातूनच, दाराच्या बाजूने टिपा.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवा. शेजारीच ब्रे स्टुडिओ असल्याने भयपट काढणाऱ्या हॅमर या ब्रिटिश कंपनीने ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’ (१९६०) सारख्या चित्रपटांत या घराचं बाहेरचं रूप वापरलं; आतले दालनं-जिने बहुतेक स्टुडिओतले सेट, ते इथे शोधू नका. स्टुडिओ पाहायला खुला नाही. १९७४ मध्ये ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ चित्रित झाला तेव्हा घर ओसाड होतं, छप्पर गळत होतं, आत ऊब नव्हती. ती पडझड आता उरलेली नाही. गालिचे आहेत, शेकोटी आहे, नम्र वेटर आहेत.

हिवाळ्यात पायवाटेवर चिखल असतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. चालायचं असेल तर विंडसर सकाळीच सोडा.