गाडी विकली, पण नाव कोणाचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २०१६ ची पेट्रोल गाडी ओळखीतलेच एक जण घेत आहेत. पैसे एकरकमी द्यायला तयार आहेत, पण म्हणतात, "फॉर्मवर सह्या करून ठेवा, नाव मी सवडीनं लावून घेतो." असं चालतं का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अजिबात नको. पैसे मिळाले आणि चावी दिली की व्यवहार मिटला असं आपल्याला वाटतं. पण मालक कोण, हे आरटीओच्या नोंदीवरून ठरतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यातली गाडी विकल्यानंतर एकामागून एक हातांत गेली आणि मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी मात्र नोंदीत नाव राहिलेल्या मूळ मालकावर आली.

फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली विक्रीची खबर आणि फॉर्म ३० हा नावबदलाचा अर्ज. गाडी राज्यातच राहणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. सही करण्याआधी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, चेसिस नंबर सगळं भरलेलं हवं. कोरे सही केलेले फॉर्म हातात असले की तीच गाडी परस्पर तिसऱ्याला, चौथ्याला देता येते. यात गिऱ्हाईक लबाडच असतं असं नाही, बहुतेकांचा नुसता कंटाळा असतो. पण त्यांच्या कंटाळ्याची चलनं तुमच्या नावावर येतात.

गिऱ्हाईक पक्कं व्हायच्या आधीच चार गोष्टी उरकून घ्या. परिवहन या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीतला मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा, कारण ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्यावरच येतो. थकलेली ई-चलनं भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, नाहीतर नावबदलाचं काम तिथेच अडतं. आणि बोजा! कर्ज फिटलं तरी आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ दोन प्रतींत लावून तो उतरवावा लागतो. ऐन वेळी बहुतेक व्यवहार इथेच लटकतात.

गाडी ताब्यात देताना साध्या कागदावर डिलिव्हरी नोट करा. त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशीचं कॅमेऱ्याचं चलन कोणाचं याचा वाद राहत नाही. किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा आणि तो दिलेल्या बँकेकडून बंदही करून घ्या. नुसता खरवडला तर खातं चालूच राहतं. तसाच ठेवला तर नवा मालक किणी टोल नाका ओलांडेल आणि पैसे तुमचे कापले जातील. शेवटी, नाव बदललं का हे पोर्टलवर स्वतः तपासा. कोणाच्या तोंडी "झालं हो" वर विसंबू नका.

प्रश्न : शिरोळ तालुका म्हटलं की गिऱ्हाईक "पुरातली गाडी का?" विचारतं. आमची पाण्यात गेलेली नाही. पटवून कसं द्यायचं? विकण्याआधी रंगकाम करावं का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ही शंका येणारच, तिचा राग मानू नका. त्यापेक्षा आपण होऊन दाखवा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा दाखवा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा, सीटखालच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर दाखवा. पाणी वाळून जातं, पण बारीक गाळ या कोपऱ्यांत राहतोच. बोल्टवर गंज चढतो, कनेक्टर हिरवट पडतात आणि काही महिन्यांनी काचा, सेन्सर, एअरबॅगचा दिवा त्रास देऊ लागतात. सर्व्हिसची बिलं तारीखवार लावून ठेवा. किलोमीटर खरे असल्याचा तोच भक्कम पुरावा. कोणाची गाडी खरोखर पाण्यात गेली असेल, तर त्यांनी ते सांगूनच विकावी.

डेंटिंग-पेंटिंगवर मोठा खर्च नको. तो किमतीत भरून निघत नाही, उलट ताजा रंग दिसला की अपघात झाकला अशी शंका येते. ऑइल आणि फिल्टर, वायपर, जळालेले बल्ब, आतली नीट सफाई एवढं पुरे. टायर किती जुने ते जाणकार गिऱ्हाईक बघतंच. बाजूवर छापलेल्या '२३१९' चा अर्थ २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी बघायला येणार म्हणून इंजिन आधी तापवून ठेवू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं तेच त्यांना बघायचं असतं. उद्यमनगरातल्या आपल्या मेस्त्रीला दाखवतो म्हणाले तर दाखवू द्या, पण आधी त्यांचं लायसन्स बघा आणि शेजारी तुम्ही बसा.

प्रश्न : निपाणीचं गिऱ्हाईक आहे, साडेतीन लाख रोख देतो म्हणतं. घ्यावे का?
— एक वाचक, कागल

उत्तर : रोख नको. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होऊ शकतो. रक्कम आरटीजीएसने घ्या. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा दिसल्यावरच चावी द्या. इसार घेतलात तर त्याची पावती करा. बाकी रक्कम कधीपर्यंत आणि व्यवहार मोडला तर इसाराचं काय, दोन्ही त्यात लिहा.

गाडी कर्नाटकात जाणार म्हणून फॉर्म २८ वर आपल्या आरटीओची एनओसी लागेल. मात्र एनओसी निघाली म्हणजे नाव बदललं, असं नाही. तिकडे नव्याने नोंदणी होईपर्यंत मालक तुम्हीच. तिकडचा कर भरावा लागतो म्हणून काही जण एमएच ०९ च्याच (कोल्हापूरच्या) पाटीवर गाडी फिरवत राहतात. तो कर कोण भरणार हे आधीच लिहून घ्या आणि नोंदणी होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

प्रश्न : विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जातो का?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : नाही. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सूट, म्हणजे बोनस तुमचा, गाडीचा नव्हे. विक्रीचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा आणि बोनसचा फरक भरायचा. थर्ड पार्टीचं, म्हणजे अपघातात दुसऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईचं, संरक्षण गाडीबरोबर जातं, पण पॉलिसी तुमच्याच नावावर राहिली तर त्यांच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

प्रश्न : गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. आई सही करून विकू शकेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : थेट नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती जोडून गाडी आईंच्या नावावर करून घ्या. हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो, उशीर झाला असेल तर दंड भरावा लागेल. नवी आरसी हातात आल्यावरच गिऱ्हाईकाकडून इसार घ्या.