"मी धूर आत घेतच नाही!"

"आमचे हे सिगारेट सोडून सिगारवर आलेत. दिवसाला एकच, आणि धूर आत घेत नाहीत. मग हृदयाला, फुप्फुसांना धोका नाही ना?" हा प्रश्न हल्ली इतक्यांदा येतो की पुण्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगावीशी वाटली. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ५४. वीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी. जिना चढताना धाप लागायला लागली तशा त्या सोडल्या आणि रात्री जेवणानंतर गच्चीवर सिगार सुरू झाली. बायकोच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, सिगार ही चवीची गोष्ट. धूर तोंडात फिरवायचा नि सोडायचा."

मी वाद घातला नाही. व्यसनाच्या बाबतीत समोरच्याचं म्हणणं खोडायला गेलं की तो ते आणखी घट्ट धरतो, हे मी इतक्या वर्षांत पुरतं शिकले आहे. त्याला सांगत बसण्यापेक्षा मी त्याला पाहायला लावते.

आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सिगार ठेवायला सांगितली. चौदा ग्रॅम भरली. सिगारेटमध्ये तंबाखू एक ग्रॅमही नसतो, हे कळल्यावर हिशेब त्यांनीच केला. "म्हणजे एका सिगारमध्ये पाकीटभर?" तरी ते हलले नाहीत. "तंबाखू असेल हो, पण आत जातोय कुठे?"

"मग पुढच्या वेळी मोबाईल कठड्यावर टेकवा आणि स्वतःचं शूटिंग करा," मी म्हटलं.

तो व्हिडिओ आम्ही माझ्या टेबलावर पाहिला. सिगार ओठांना लागली, टोक लाल झालं, आणि शर्टाच्या खिशातला चष्मा हळूच वर उचलला गेला. धूर बाहेर येईना. एक, दोन, तीन, चार. मग नाकातून दोन धारा सुटल्या. त्यांनीच मागे नेऊन पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पाहताना व्हिडिओ थांबवला आणि बराच वेळ त्या चष्म्याकडे बघत राहिले. "हा तर माझा सिगारेटचाच झुरका आहे," ते म्हणाले. मी एक शब्दही बोलले नाही, आणि ते न बोलणं मला आजही योग्य वाटतं.

सिगारेटवरून सिगारवर आलेल्या पुष्कळांचं असंच होतं. छातीची सवय जात नाही, आणि ती त्यांना जाणवतही नाही. सिगारचं पान जाड, त्यामुळे तंबाखू अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. त्यात निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढलेला. धूर आत ओढणाऱ्याला हृदयविकार, सीओपीडी (कायमची धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि फुप्फुसाचा कॅन्सर, तिन्हींचा धोका वाढतो. आणि खरोखरच कुणी आत ओढत नसेल, तरी सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरच्या धोक्यातून तर सुटका नाहीच. शेजारी बसलेल्या बायकोच्या छातीत जाणारा धूर वेगळाच.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं: "एकच तर ओढतात" म्हणून सोडून देऊ नका, पण भांडूही नका. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग मी. निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं तर तेही डॉक्टरांना विचारून. सोडल्यावर फायदा लगेच सुरू होतो: वीस मिनिटांत नाडी उतरू लागते, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

या गृहस्थांना गच्चीवरचा अर्धा तास हवा होता. तो मी काढून घेतला नाही. आता तिथे दोन खुर्च्या आणि बडीशेपेची डबी असते. मधे एका लग्नात पुन्हा ओढली, तेव्हा स्वतःहून सांगायला आले. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत नंबर मी त्यांना दिला होता. त्या लग्नाच्या रात्री हॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी तो मोबाईलमध्ये सेव्ह केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला.