‘हक्क-ए-बीमे’ म्हणजे विम्याचा हक्क नव्हे

प्रश्न: मी फारसीत एम.ए. करते आहे. एका अनुवाद संस्थेनं चाचणी म्हणून इराणी विमा पॉलिसीची दोन पानं इंग्रजीत करायला दिली होती. ‘फारसी उत्तम, विषय कळलेला नाही’ असा शेरा मारून ती परत आली. बाबा म्हणतात, आता बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर: पत्रासोबतची पानं वाचली. शेरा झोंबला असेल, पण खरा आहे. मराठी माणसाला ही फारसी ओळखीची वाटते आणि तिथेच पाय घसरतो. आपला ‘विमा’ आणि त्यांचा ‘बीमे’ एकच, ‘हक्क’ तर रोजचा. म्हणून ‘हक्क-ए-बीमे’ला तू ‘राइट टू इन्शुरन्स’ लिहून मोकळी झालीस. अगं, तो प्रीमियम! हक्क कंपनीचा, पैसे ग्राहकाचे.

‘फ्रान्शीज’ हा फ्रेंचमधून तिकडे गेलेला शब्द. तू ‘फ्रँचाइज’ केलंस. नुकसानीतला जो वाटा ग्राहकानं स्वतः सोसायचा, तो हा. अमेरिकन वाचकासाठी डिडक्टिबल, ब्रिटिशासाठी एक्सेस. ‘बीमेगोजार’ आणि ‘बीमेशोदे’ दोघांनाही तू इन्शुअर्ड म्हटलंस. बापानं मुलीचा आयुर्विमा उतरवला, तर करार करणारा बाप बीमेगोजार आणि मुलगी बीमेशोदे. ‘खसारत’ तर नुकसानही असते आणि भरपाईही. वाक्य बघूनच ठरवावं लागतं.

तारखांकडेही बघ. इराणी पंचांगातलं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून त्यातल्या 1403 च्या दहाव्या महिन्याची 15 तारीख म्हणजे 4 जानेवारी 2025. सरसकट 621 मिळवून तू 2024 लिहिलंस, म्हणजे पॉलिसी वर्षभर आधीच सुरू झाली!

तेव्हा शब्दकोश थोडे दिवस मिटून ठेव. घरच्या गाडीची पॉलिसी अटींसकट वाच. इराणचा 1937 चा विमा कायदा मूळ फारसीत वाच. पहिल्याच कलमात कोण कोणाला काय देतो ते आहे. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट ही विम्याची पायाभूत परीक्षा दे.

बाबांची काळजी रास्त आहे. नुसत्या विम्याच्या फारसीवर घर चालणार नाही, सोबत कायदा आणि मालवाहतुकीची कागदपत्रंही करावी लागतील. बँकेऐवजी सरकारी विमा कंपन्यांच्या अधिकारीपदाची परीक्षा दिलीस तर? पगारही मिळेल, धंदाही आतून कळेल.

पानं दुरुस्त करून पाठव. ‘बदने’ला ‘बॉडी’ लिहिलंयस, तेही बघ. गाडीचा विमा असेल तर ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान; जहाजाचा असेल तर हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा.