डॉक्टर नाही व्हायचं, पण काम आरोग्यातच करायचं म्हणतेस ना, मग वाच

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बीएस्सी झाली, नीटचं जमलं नाही, नर्सिंगमध्ये मन नाही, आणि आता कोणीतरी तुला सांगून राहिलं की ऑनलाईन 'होलिस्टिक हेल्थ कोच' (आहार-विहाराचा सल्ला देणारा) हो, सर्टिफिकेट घे, अमरावतीला खोली करून बस. नको बसू बाप्पा, निदान आत्ताच नको. कोर्स वाईट असतो असं नाही, पण निंदणाच्या मजुरीवर घर चालवणारी बाई कोचला फी देणार आहे का? आणि ज्याची फी शहरातलाच माणूस देऊ शकतो ते काम करायचं असेल तर मग गावासाठी काही करायचंय हे वाक्य मेसेजमधून काढ.

त्यापेक्षा आधी गावातला एकच आजार धर आणि त्याच्या पूर्ण मागे लाग. सिकलसेलच घे ना, आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार, आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, तपासण्या होतात, कार्डं वाटतात, पण कार्ड हातात पडल्यावर पुढे काय ते नीट बसून समजावणारं माणूस कमी पडते. कार्डावर एएस आली म्हणजे पोरगी फक्त वाहक आहे, आजारी नाही, पण घरचे घाबरून कार्ड पेटीत तळाशी टाकतात, का तर सोयरीक मोडंल. मग एएस पोट्ट्याचं एएस पोरीशी लग्न होते आणि दोघांनाही पत्ता नसतो. अशा जोडप्याला दर बाळंतपणात २५ टक्के शक्यता असते की लेकरू एसएस, म्हणजे आजारी, निघेल. 'दर' हा शब्द विसरू नको, कारण लोक हमखास असा हिशोब करतात की चारातलं एक आजारी, पहिलं निघालं म्हणजे बाकीचे तीन चांगले. तसं नसते, प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. आता हे सासूसमोर, सुनेला दोष न लागता, तिच्याच भाषेत सांगणं याला डॉक्टरची डिग्री लागत नाही, पण शिकावं मात्र लागते, आणि पगारी काम आहे हे, समुपदेशक म्हणतात.

होलिस्टिक म्हणतात ना, म्हणजे आजारामागचं सगळं जगणं बघणं, मला तर ते खर्र्यात, सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणात, दिसते. पोट्ट्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, तरी खर्र्याची पन्नी खिशातच. गुटखाबंदी २०१२ ची, पण पानठेल्यावर खर्रा घोटणं सुरूच. का खाते ते विचार त्याला. रात्रीचं ओलित, लाईट केव्हा येईल भरवसा नाही, झोप उडवायला खाते, भूक मारायला खाते, चार मित्रांत बसायला खाते. नुसतं कॅन्सरचं पोस्टर लावून हे सुटणार आहे का?

आणि मोजायला शीक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांचं काम केलं, त्याचा पेपर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूत गावच्याच बाया होत्या. पण जगाने ते मानलं कशामुळे? गावातला प्रत्येक जन्म अन् प्रत्येक मृत्यू नोंदला होता म्हणून. तुझ्या गावच्या आशाताईसोबत फिर, ३० च्या वरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (शुगर, बीपीसारख्या आजारांचा धोका ओळखायचा) ती कसा भरते, कमरेचा घेर मोजताना बाया कशा लाजतात, ते बघ. एक्सेल येत नसेल तर आजच सुरू कर, याच्यात काही अवघड नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, कर, टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठात डॉक्टर नसलेल्यांनाही घेतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, पण चालते. 'सर्च'चं तरुणांसाठी निर्माण शिबिर असते, तिथे अर्ज टाकून ठेव. नंतर तालुका समूह संघटक, संस्थेत प्रोग्राम कोऑर्डिनेटर, डेटाचं काम, अशा जागा निघतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक जागा ११ महिन्यांच्या कंत्राटावर असतात, ऑर्डर रखडते, पगार रखडतो, घरी हे आधीच सांगून ठेव.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. शुगर मुळापासून बरी करतो असं तुझ्या तोंडून किंवा पोस्टमधून कधी निघायला नको. औषधं अन् जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तुझ्या भरवशावर कोणी इन्सुलिन सोडलं तर माणूस जाते. ज्वारी, जवस, अंबाडीची भाजी, योग, सगळं सांग, पण गोळी बंद करायचं डॉक्टरच सांगेल.

बायोडाटा पाठव मला, फोटो नको. आणि घरी लग्नाचा विषय जोरात सुरू झाला असेल तर तुझ्या बाबांचा नंबर दे, या रविवारी मीच बोलतो.

तुझा काका